दोघे वर आले, दोघे राहिले

आमचं घर भाईंदर पूर्वेला होतं, पण माझा नवरा बरेच दिवस तळावरच असायचा. समुद्रावर गस्त घालणारी हेलिकॉप्टरं उडवायचा तो. त्याच्या तुकडीतला एक मित्र उत्तनचा, मच्छीमाराच्या घरातला. सुटीवर आला की आधी आईला भेटायचा, मग सुके बोंबील घेऊन आमच्याकडे. मला वहिनी म्हणायचा.

दोन हजार सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. वादळात उत्तनची एक बोट इंजिन बंद पडून खोल समुद्रात वाहत गेली. शोधायला हेलिकॉप्टर घेऊन नेमका हा मित्रच गेला. बोट दिसताच रंगावरून त्याने ओळखली. त्याच्या मावशीच्या नवऱ्याची बोट. बोटीवर ते काका धरून चौघे होते, एकेकाला दोराने उचलून घ्यायचं होतं. काकांनी आधी दोन्ही तरुण खलाशांना वर पाठवलं. तोवर परतण्यापुरतंच इंधन उरलं, आणि त्याने हेलिकॉप्टर वळवलं. दुसरं हेलिकॉप्टर पोहोचलं तेव्हा तिथे फक्त पाणी होतं.

पुढे तुकडीत चर्चा निघाली. हेलिकॉप्टरं जुनी झाली होती, सुटे भाग मिळेनात. त्यांच्या जागी काय मागायचं, यावर वैमानिकांची मतं मागवली. बाकीच्यांना नवं हेलिकॉप्टर हवं होतं. मित्राला हवं होतं परदेशातलं एक वेगळंच यंत्र. ते हेलिकॉप्टरसारखं सरळ वर उठतं, मग पंखांच्या टोकांवरचे रोटर, म्हणजे फिरती पाती, पुढे वळवतं आणि विमानासारखं जातं. लांब जातं, जवळजवळ दुप्पट वेगाने.

आमच्याच घरी जेवताना दोघांची जुंपली.

"हेलिकॉप्टरचं इंजिन गेलं तरी पाती फिरत राहतात, माणूस खाली उतरू शकतो," नवरा म्हणाला. "तुझ्या त्या यंत्रात ते जमणं कठीण. आणि खाली वारा केवढा मारतं. छोटी होडी उलटेल."

"उलटू दे. पाण्यातून उचलेन."

"अरे, पण पोहोचायला उशीर झालाच नव्हता तुला."

"नव्हता," तो म्हणाला. "पोहोचलो होतो. थांबता आलं नाही."

मी उठून भात वाढला. नवऱ्याने मान खाली घातली. 

दुसऱ्या दिवशी मित्र म्हणाला, "वहिनी, मावशीकडे चलता का? एकट्याने जाववत नाही." आम्ही उत्तनला गेलो. मावशी अंगणात बोंबील वाळत घालत होती. तो तिला त्या यंत्राबद्दल सांगू लागला. किती लांब जाईल, किती वेळ थांबेल. तिने ऐकून घेतलं.

"नवीन येल तवा येल," ती म्हणाली. "तू गेलतास ना तिथं? त्यानं तुला वलखलं का रे?"

"हो मावशी. हात केला त्यांनी."

तिने डोळे पुसले आणि पुन्हा कामाला लागली. परतताना बसमध्ये त्याने माझंही तिकीट काढलं. मग म्हणाला, "हेल्मेटची काळी काच खाली होती, वहिनी. त्यांना काय दिसणार मी? सगळेच हात करत होते."

मतं मांडायची बैठक झाली. माझा नवरा उठून मित्राच्या बाजूने बोलला. घरी आल्यावर मी विचारलं, "तुला पटलं शेवटी?"

"नाही," तो म्हणाला. "पण तो एकटाच उभा होता तिथे."

वरिष्ठांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि विषय बाजूला ठेवला. ते यंत्र काही आलं नाही. नवं हेलिकॉप्टरही त्या वर्षांत आलं नाही, जुनीच दुरुस्त करून उडवत राहिले. मित्राने कचेरीतलं काम मागून घेतलं आणि दूरच्या गावी बदली स्वीकारली. त्याचे फोन आधी दर सणाला यायचे, मग नाताळलाच. उड्डाणाबद्दल माझा नवरा त्याला काही विचारत नसे. मावशी कशी आहे, एवढं मित्र मात्र न चुकता विचारायचा, आणि उत्तनला जाऊन तिला पाहून यायचं काम माझ्याकडे आलं.