नदी आडवी, नदी उभी

चालायला लागण्याआधी अक्का छत्रीचं टोक दगडावर दोनदा आपटायच्या. ठक ठक. मग माझ्याकडे बघून म्हणायच्या, "चला वहिनी, डबल बेल!" की आमची गाडी सुटली.

तुमच्या ओळखीत कोणी एसटीत नोकरी केलेलं असेल तर तुम्हीही पाहिलं असेल. माणूस रिटायर होतो, एसटी काही त्याच्यातून उतरत नाही. अक्का कंडक्टर होत्या. जळगावात आमच्या समोरच्याच घरात राहतात. एकदा आम्ही काठाने चाललो होतो तर म्हशींचा कळप वाट अडवून उभा. मी घाबरून बाजूला झाले. अक्कांनी आवाज लावला, "मागे सरका, मागे जागा आहे!" आणि खरं सांगते, म्हशी सरकल्या.

हे चालणं सुरू झालं ते त्यांच्याच डोक्यातून. एक दिवस ओट्यावर लसूण सोलत बसलो होतो. अक्का म्हणाल्या, "वहिनी, सगळी नोकरी मी गिरणा आडवी ओलांडली. पुलावरून जायचं, पुलावरून यायचं. आता ती उभी चालायची आहे." मला वाटलं, गंमत करताहेत. तर पुढच्याच रविवारी आम्ही दोघी गिरणा तापीला मिळते तिथे उभ्या! तिथून उलटं, उगमाकडे निघायचं. एका दमात नाही हो, आमचं वय बघा. हिवाळ्यात महिन्यातून एखादा टप्पा. सकाळच्या गाडीने जायचं, झेपेल तितकं चालायचं, जवळच्या गावातून संध्याकाळची गाडी धरायची. कोणत्या गावातून शेवटची गाडी कधी, ते सगळं अक्कांना तोंडपाठ. माझ्याकडे कळण्याची भाकरी आणि ठेचा, एवढं खातं.

अट एकच. जिथे थांबलो, पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात. मध्ये वीतभर नदी सुटायला नको. आमचे हे हसायचे. "अक्का, थोडी सुटली तर नदी काय रडणार आहे?" अक्का म्हणायच्या, "ती नाही रडणार भाऊ. मला झोप नाही लागणार."

उत्राणला लिंबाच्या बागेतून एका बाईने हाक मारली, "कोठे चालन्यात वो माय?"

"नदीना माहेरले," अक्का म्हणाल्या.

"मंग च्या पी जा! माहेरले काय उपाशी जातस?"

चहा झाला, वर ओटीत लिंबं पडली. ती घरापर्यंत कोणी वाहिली, ते विचारू नका.

भडगावच्या पुढे गेलो तोवर उन्हाळा लागला होता आणि अक्कांचा गुडघा सुजायला लागला होता. डॉक्टरांनी ऑपरेशनच सांगितलं. अक्कांनी ठरवलं, त्याआधी वरच्या गिरणा धरणाच्या भिंतीपर्यंत पोचायचंच. नंतर पाय कसा चालेल, कोणी सांगावं? नदी कोरडी ठणठणीत, म्हणून आम्ही सरळ पात्रातल्या वाळूतून चालत होतो. दमलो तिथे मधोमध दगडांची रास रचली आणि घरी आलो.

पुढच्या वेळी जाऊन बघतो तर काय, काठोकाठ पाणी! धरणाचं आवर्तन सुटलं होतं. दर उन्हाळ्यात सुटतं, तेव्हा कुठे खालच्या गावांच्या नळांना पाणी येतं. आणि आम्ही जन्माच्या गिरणाकाठच्या! भडगावच्या माझ्या नणंदेने फोनवर सांगितलंही होतं की आता नळ येईल. मी अक्कांना सांगितलं, दोघींनी आनंद मानला. पण ते पाणी नळापर्यंत कुठून येणार, हे दोघींच्याही डोक्यात आलं नाही.

काठावर एक म्हातारा शेळ्या घेऊन बसला होता. अक्कांनी दगडांबद्दल विचारलं. तो म्हणाला, "बठ्ठं वाही गयं माय."

मी म्हटलं, "अक्का, दगड वाहून गेले तर गेले, अंदाजाने इथून धरू. समोर होती रास, हे बाभळीचं झाड मला आठवतं."

"अंदाजाने तिकीट फाडलं नाही मी कधी," अक्का म्हणाल्या आणि मागे वळल्या. खात्रीची शेवटची जागा म्हणजे भडगावचा पूल. तिथपर्यंत रिक्षाने गेलो, आणि आधी चाललेला सगळा टप्पा पुन्हा काठाने चाललो. ऊन मी म्हणत होतं, गुडघा बोलत होता, आणि या बाई मला लग्नसराईतल्या भरलेल्या गाड्यांचे किस्से सांगत होत्या. त्या बाभळीपाशी पोचेपर्यंत दिवस कलला. ऑपरेशनची तारीख तोंडावर आली होती, धरण त्या उन्हाळ्यात काही झालं नाही. गाडीत बसल्यावर मी हळहळले तर म्हणाल्या, "राहिलंय म्हणजे आहे ना अजून!"

आता ऑपरेशन झालंय. अक्का धुळ्याला लेकीकडे आहेत, वॉकर धरून अंगणात फिरतात. ओटा सुना वाटतो हो. लसूण एकटीने सोलायचा म्हणजे वैतागच.

परवा नणंदेकडे गेले होते, तर रिक्षा करून त्या बाभळीपर्यंत जाऊन आले. पाणी ओसरलंय. तिथून व्हिडिओ कॉल लावला. म्हटलं, अक्कांना बरं वाटेल. मोबाइल वरच्या अंगाला, धरणाच्या दिशेने धरला, तिकडे नदी मोठं वळण घेते.

"वहिनी! खाली करा तो मोबाइल!" अक्का ओरडल्याच. "ते वळण दाखवू नका मला. ते मी चालत येऊन बघणार."

मी मोबाइल मागच्या बाजूला फिरवला. ओली वाळू, काठाची पायवाट, लांबवर भडगाव. "हां, हे दाखवा," अक्का म्हणाल्या. मग बराच वेळ मी आमचं चालून झालेलं त्यांना दाखवत उभी राहिले.