पिशवीला सूज

वॉर्डात बारा वर्षं काढल्यावर मी पुन्हा विद्यार्थिनी झाले. नर्स प्रॅक्टिशनरच्या प्रशिक्षणात दिवसभर नाशिकच्या एका सरकारी दवाखान्यात बायका तपासायच्या आणि घरी येऊन जर्नल लिहायचं. त्यात तीन प्रश्न ठरलेले: काय घडलं, तुम्हाला काय वाटलं, पुढच्या वेळी काय वेगळं कराल. चाळिशीला टेकलेल्या बाईला काय वाटलं हे आजवर घरातसुद्धा कुणी विचारलं नव्हतं, त्यामुळे सुरुवातीला मी नुसती चिडायचे. मग बाई, म्हणजे आमच्या शिक्षिका, लाल पेनाने 'छान' लिहायला लागल्या आणि मी चढले हरभऱ्याच्या झाडावर.

ती आली तेव्हा दिंडोरीकडे द्राक्षांच्या विरळणीचे दिवस होते. पेठच्या डोंगरातली, सव्वीस वर्षांची, दोन लेकरांनंतर ऑपरेशन झालेली. मजुरांच्या टोळीबरोबर कामाला आली होती. अंगावरून पांढरं जात होतं, ओटीपोट दुखत होतं. तपासलं तर साधा जंतुसंसर्ग. नवरा-बायकोने आठवडाभर गोळ्या घेतल्या की संपला विषय.

पण 'जंतुसंसर्ग' म्हटल्यावर ती माझ्याकडे बघतच राहिली. मग मी आम्ही सगळ्याच जणी म्हणतो ते म्हटलं, "अगं, पिशवीला सूज आहे. गोळ्या घे, बरी होशील."

तिने मान हलवली. समजलं का विचारलं, तर म्हणाली, "व्हय." डोंगराकडच्या बायका दवाखान्यात कशालाच नाही म्हणत नाहीत, हे मला माहीत होतं. तरी त्या 'व्हय'वर माझं समाधान झालं.

त्या दिवशीचं पान मी मन लावून लिहिलं. अवघड शब्द टाळला, पेशंटला तिच्या भाषेत समजावलं, तिच्या चेहऱ्यावरची भीती गेली. बाईंनी समासात लिहिलं, 'फारच छान.' ते पान मी नवऱ्याला वाचून दाखवलं, तो अंबडच्या कंपनीतून दमून आला होता तरी.

दीड महिन्याने ती परत आली, पोट धरून.

"टाके दुखत्यात," म्हणाली.

"कसले टाके?"

"पिशवी काढली ना, बाई."

तिनेच सगळं सांगितलं. टोळीच्या मुकादमाच्या बायकोला तिने माझं वाक्य जसंच्या तसं सांगितलं होतं. ती म्हणाली, सुजलेली पिशवी सडते, माझीबी काढली. दोघी एका खासगी दवाखान्यात गेल्या. तिथेही तिने तेच सांगितलं, सरकारी बाईंनी सूज सांगितली हाय. तिथे कुणी दुसरं काही विचारलं नाही.

"आणि मी दिलेल्या गोळ्या?"

"दोन खाल्ल्या. गोळीनं सूज कशी उतरंल? पर तुमी सांगितलं म्हंगून बरं झालं, बाई. नायतर मेलेच असते."

ती माझे आभार मानत होती. गरज नव्हती गं, हे सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. गेलेली पिशवी त्याने परत येणार नव्हती, असं मी स्वतःला समजावलं. खरं सांगायचं तर मी घाबरले होते. टाके पुसले, पट्टी बांधली, दुखण्याची गोळी दिली.

त्या पानाखाली चार बोटं जागा रिकामी होती. जर्नल जमा करायच्या दिवसापर्यंत मी रोज ते पान उघडायचे. काय घडलं, मला माहीत होतं. काय वाटलं, तेही. तरी एक ओळ लिहिली नाही. बाईंना सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही.

मी पास झाले. माझं ते पान बाईंनी पुढच्या तुकडीसाठी नमुना म्हणून ठेवलं.

आता मी त्याच ओपीडीत नोकरीला आहे. शेजारच्या टेबलावर नव्या मुली बसतात, हुशार आहेत, पेशंटशी मायेने बोलतात. समोरची बाई गोंधळली की लगेच पुढे वाकून सांगतात, "अहो ताई, काही नाही, पिशवीला सूज आहे."