सांगायचं नाही, वळवायचं

आमच्या साडूंइतका आडवळणी माणूस अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात सापडायचा नाही. कॉलेजात मानसशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यावर ते कुरुंद्याला वडिलोपार्जित शेतावर राहायला आले आणि पर्यावरण वाचवायला लागले. पद्धत अर्थातच शास्त्रीय. "माणसाला पाणी वाचव म्हटलं की तो हटकून सांडतो," ते म्हणत. "सांगायचं नाही, वळवायचं. त्याला कळतासुद्धा कामा नये." वळण्याचा पहिला मान घरच्यांना मिळाला. पाहुण्याला पेला अर्धाच द्यायचा, म्हणजे पाणी वाया जात नाही. मी तिथं पुन्हापुन्हा उठून माठापाशी जायचो. वीज वाचावी म्हणून त्यांनी पंख्याचं बटण कपाटामागं नेलं. हात पोचायला त्रास झाला की माणूस पंखा लावणारच नाही, हा सिद्धान्त. माझी मेहुणी म्हणाली, "लावायला तकलीफ तशी बंद करायलाबी तकलीफ. आता रातंदिस चालूच हाय." साडूंनी हा निष्कर्ष त्याच पंख्याखाली बसून मोठ्या कुतूहलानं ऐकून घेतला.

त्यांचा खरा जीव अडकला होता बांधावरच्या चिंचेत. लहानपणी तिच्यावरून पडून डावा हात कायमचा वाकडा झालेला, तरी झाडावर राग नाही. चिंच शेजारच्या मामींच्या हद्दीत. हळद शिजवायला सरपण हवं म्हणून मामी ती तोडणार, अशी कुणकुण लागताच साडूंनी वाटेवर पाटी लावली : 'या गावातले बहुतेक लोक झाडं तोडत नाहीत.' चारचौघांसारखं वागायला सगळ्यांनाच आवडतं, म्हणे. गावानं पाटी वाचली आणि 'बहुतेक'मध्ये न बसणारं कोण, याचा शोध सुरू केला. चहाच्या टपरीवर मामींच्या नावावर एकमत झालं. मामींनी दुसऱ्याच दिवशी कटरवाला बोलावला.

मशीनचा आवाज ऐकून साडू अनवाणी धावले, मागोमाग मी. आता कोणतं शास्त्र निघतं ते बघायची मला, खोटं कशाला बोलू, मजाच वाटत होती. मामींपुढे उभं राहून त्यांनी हात जोडले. डाव्या हातामुळे ते धड जुळेनात. "मामी, ही चिंच तोडू नका," ते म्हणाले.

मामी बघतच राहिल्या. "एवढंच होतं व्हय? मग काहून बोलला न्हाईत, सर? मी तर नुसत्या फांद्या छाटणार होते. पाटी बघून वाटलं, तुमी गावात माझी इज्जत काढून राहिले, म्हणून रागानं आख्खीच तोडायला काढली." कटरवाल्याला त्यांनी चहा पाजून परत पाठवलं.

येताना मी विचारलं, "ही कोणती पद्धत?"

"काहीच सुचलं नाही हो," साडू म्हणाले, "म्हणून सांगून टाकलं." ते सारखे मागे वळून चिंचेकडे बघत होते. मला पुढे थट्टा करवली नाही.

तेव्हापासून ते सरळ बोलतात. पाटी निघाली, पंख्याचं बटण दारापाशी आलं. परवा गेलो, तर पाण्याचा पेला काठोकाठ भरून समोर आला. "प्या, पण टाकू नका," साडू म्हणाले. मी मुकाट्यानं सगळं पाणी प्यालो, आणि मला त्यांच्या त्या अर्ध्या पेल्याची फार आठवण आली.