सापाची जात संपवायला निघालेले मालक

आमच्या मालकांचं, म्हंजी माझ्या नवऱ्याचं, नाव कारभारी. मंठ्यापासून आठ किलोमीटरवर आमचं गाव. अकरा वर्षं झाली, ह्यांनी एकच धरलंय, सापाची जात ठेवायची न्हाई. कुणाच्या बी घरात निघू द्या, जेवणाचं ताट सोडून काठी घेऊन जातेत. नागपंचमीला बाया वारुळाला लाह्या वाहतेत, आन् आमचे मालक पलीकडून काठी घेऊन उभे. बाया बोलतेत ते मला.

"अहो, धामण उंदरं खाती, तिनं तुमचं काय केलं?" म्हणलं तर म्हणतेत, "सापात चांगला-वाईट नसतो. एक बी राह्यला न्हाई पाह्यजे." मंग उंदरांनी सोयाबीनची पोती कातरली. ती शिवत बसले मी. ह्या माणसाला सांगून काही उपेग न्हाई.

लई बोलवत बी न्हाई. आमची सात वर्षांची लेक पुष्पी, झोपेत मण्यार साप चावला आन् ती वारली, तवापासून हे असे झालेत.

परवा सून साधना कापूस वेचताना ओरडली. पायाला दोन टोचे, सूज चढून राह्यली. लेक जालन्याला कंपनीत. घरच्या गाडीची चावी मालकांच्या खिशात, आन् मालक सापामागं बांधाबांधानं. हाका मारल्या तर म्हणतेत, "थांब, आधी त्याला संपवू दे." सगळी माणसं बी त्यांच्याच मागं. बाया म्हणाल्या, मारुतीच्या पारावर बसवा, कडुलिंबाचा पाला चारा, कडू लागला तर विष न्हाई.

माझं डोकंच फिरलं. पळत गेले आन् चारचौघांत मालकांच्या खिशात हात घालून चावी काढली. "सून मरून राह्यली आन् तुम्ही साप धुंडता? लाज वाटू द्या जरा." शेजारच्या पप्पूनं गाडी काढली. साधनाला मधी बसवलं, मागून मी धरलं.

मंठ्याच्या दवाखान्यात डॉक्टरनं तिचं रक्त काचेच्या नळीत वीस मिनिटं ठेवलं. गोठलंच न्हाई, म्हंजी विष अंगात भिनलं होतं. लगेच औषध चालू केलं. संध्याकाळी म्हणाले, आता भीती नाही, वेळेवर आणलंत.

तेवढ्यात मालक आले, खताच्या पिशवीत मेलेला साप घेऊन. डॉक्टरनं वाकून पाह्यलं.

"बाबा, ही धामण आहे, बिनविषारी. चावली ती घोणस असणार. आणि साप कशाला आणलात? आपल्याकडच्या विषारी सापांना औषध एकच असतं."

"मण्यारला बी?"

"मण्यारलाही."

मालकांनी पिशवी खाली ठेवली. मंग हळू विचारलं, "लेकराला मण्यार चावला, तीन घंटे पारावर बसवलं, मंग इथं आणलं, तर?"

"तीन तास फार झाले, बाबा."

"आमची चूक झाली," मालक म्हणाले. पुष्पीला पारावर न्यायचा हट्ट माझा होता. हे तवाच गाडी काढून दारात उभे होते. ते ह्यांनी डॉक्टरला सांगितलं न्हाई, आन् अकरा वर्षांत मला बी कधी बोलून दाखवलं न्हाई.