सासऱ्यांसाठी रेल्वे

मी आयुष्यात एकदाच रेल्वे विकत घेतली, आणि ती रुळांवर बसली नाही.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. आम्ही काळेवाडीत दोन खोल्यांत राहायचो आणि मी चिंचवडच्या एका कंपनीत इन्स्पेक्टर होतो. (पोलिसातला नव्हे! मशीनवरून आलेला पार्ट मापायचा आणि केसाएवढा फरक दिसला की लाल रंग फासून परत पाठवायचा, एवढाच अधिकार. पण तो मी कलेक्टरच्या थाटात गाजवायचो.) माझे सासरे कामशेतकडे रेल्वेत गँगचे मुकादम होते. रूळ तपासण्यात त्यांची सगळी हयात गेली. सासूबाई आधीच वारलेल्या, म्हणून ते रिटायर झाल्यावर माझ्या बायकोनं, कुसुमनं, त्यांना आमच्याकडे आणलं. महिनाभरात ते इतके गप्प झाले की शेजारी मला विचारू लागले, "मामांना ऐकू येतं ना?"

एका शुक्रवारी त्यांनी पिशवी भरली.

"सोमवारी जातो गावाकडं. हितं काय करू? भिंती बघत बसू?"

कुसुमचे डोळे भरून आले. स्वयंपाकघरात मला म्हणाली (वडलांना ती दादा म्हणायची), "अहो, काहीतरी करा ना! दादा तिकडे एकटे काय खातील, कुठं पडतील, कोण बघणार?"

मी केलं! चिंचवडच्या एका मंगल कार्यालयात दोन दिवस छोट्या आगगाड्यांचं प्रदर्शन आणि विक्री होती. शनिवारी पहिली शिफ्ट सुटल्यावर शेजारच्या राशिदभाईंना घेऊन तिथं गेलो. त्यांचं स्कूटर दुरुस्तीचं दुकान होतं. मला खरेदीसाठी सल्लागार नको होता, फक्त कौतुक करायला कुणीतरी हवं होतं.

आत टेबलाटेबलांवर बोगदे, पूल, वीतभर उंचीचे डोंगर! मोठमोठे साहेब लोक गुडघ्यांवर बसून इंजिनांना थेंबथेंब तेल पाजत होते. मी गिऱ्हाईक असल्यामुळे छाती पुढे काढली.

पहिल्या टेबलावरच्या टायवाल्या गृहस्थांनी विचारलं, "गेज कोणता?"

"चांगला," मी म्हणालो.

"एच-ओ?"

"हो."

(त्यांनी माप विचारलं होतं, मी होकार दिला होता. दोघांचंही समाधान झालं!)

एक काळं विलायती इंजिन आणि दोन डबे मिळाले. रूळ मात्र त्यांच्याकडचे संपले होते. ते मी पलीकडच्या टेबलावर पाहिले, नाजूक आणि चकचकीत. तिथल्या बाईंनी विचारलं, "तुमचं इंजिन कोणतं आहे?"

"काळं."

त्यांनी राशिदभाईंकडे पाहिलं. राशिदभाई कानाशी लागले. "भाऊ, एकदा वर ठेवून तरी बघा राव! रूळ बारीक वाटतात."

"राशिदभाई, दिवसभर मापं घेणारा माणूस आहे मी. मला नुसत्या नजरेनं कळतं!"

संध्याकाळी सगळी चाळ आमच्या बाहेरच्या खोलीत जमली. कुसुमनं ताटभर शिरा केला. मामांनी ट्रंकेतून आपला जुना हिरवा बावटा काढला. महिन्यात पहिल्यांदाच त्यांचा चेहरा उजळलेला दिसला. मी छोटंसं भाषण केलं (दहा मिनिटांचं!), इंजिन उचललं आणि रुळांवर ठेवलं.

चाकं दोन्हीकडून रुळांच्या बाहेर! म्हशीनं पाट मधे घेऊन उभं राहावं तसं ते इंजिन उभं राहिलं.

"विलायती माल आहे," मी म्हणालो. "बसायला वेळ लागतो."

आणि अंगठ्यानं दाबलं. इंजिन निसटलं, टिपॉयवरून उडालं आणि थेट शिऱ्याच्या ताटात गेलं.

कुणीच हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं! मामांनी बावटा गुंडाळला आणि शांतपणे विचारलं, "जावईबापू, दोन रुळांमधलं अंतर मापलं न्हाई व्हय?"

त्या रात्री मला झोप कसली लागते! पण सकाळी पाहतो तर मामा टाचणीनं इंजिनाच्या चाकांतला शिरा काढत बसलेले.

"चला," ते म्हणाले. "रूळ बदलून आणू. तुमी नुसतं वाट दाखवा."

प्रदर्शनात शिरल्यावर ते मधल्या सगळ्यात मोठ्या टेबलापाशी थबकले. उकिडवे बसले, एक डोळा मिटला आणि रुळाच्या रेषेत नजर लावली.

"ह्या वळणावर गाडी पडनार."

तिथं उभे असलेले कालचे टायवाले गृहस्थ हसले. "आजोबा, दोन महिने खपून बसवलंय आम्ही हे."

"भाईरचा रूळ दबलाय."

तेवढ्यात गाडी आली, वळणावर कलंडली आणि सहा डब्यांसकट खालच्या गावात कोसळली. गाव पुठ्ठ्याचं होतं म्हणून जीवितहानी टळली!

मामांनी माझ्या खिशातलं बसचं तिकीट काढलं, घडी घालून बाहेरच्या रुळाखाली सरकवलं आणि म्हणाले, "आता सोडा." गाडी लोण्यासारखी वळली. पुन्हा सोडली, पुन्हा वळली. साहेब लोक टाळ्या वाजवत त्यांच्याभोवती गोळा झाले. खुर्ची आली, चहा आला. आमच्या इंजिनाच्या मापाचे रूळ कुणीतरी स्वतःच्या पेटीतून काढून दिले. "दर रविवारी आम्ही जमतो, याल का?" असंही विचारलं.

मामांनी चहाचा कप खाली ठेवला. "उद्या गावाला जायचं हुतं... पर ऱ्हाऊ द्या. हितं लई काम हाय."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कुसुमला कधी सांगतो असं झालं! तेवढ्यात टायवाल्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "यांना कुठंतरी पाहिलंय. काल एच-ओचं इंजिन घेऊन बारीक गेजचे रूळ नेले, ते हेच ना? आजोबा, हे तुमचे कोण?"

मामांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"हे व्हय? आमच्या आळीत ऱ्हात्यात."

मी हात जोडून म्हणालो, "हो, अगदी शेजारीच!"