केशरबाईचा प्रश्न दिल्लीला गेला

आमच्या बौद्ध वस्तीतली केशरबाई गावच्या सोसायटीची सभासद होती. वार्षिक सभेला बायका सहसा जात नसत. ही जायची, मागे बसायची आणि शेवटी उठून विचारायची, "वर्षभर तुमी आमच्यासाठी काय केलं?" चेअरमन वैतागायचे, पण ही काही खाली बसायची नाही.

दुष्काळानंतर त्र्याहत्तर साली वस्तीत हातपंप बसला. कुठल्याशा जागतिक संस्थेनं दिलेला; आपला देश तिचा सभासद आहे, असं बसवणाऱ्या साहेबांनी सांगितलं होतं. केशरबाईला तो पंप फार आवडला. गावच्या विहिरीला आम्हाला हात लावू देत नसत. घागर घेऊन दगडावर बसायचं आणि कुणा बाईला दया आली की ती वरून ओतायची. पंपाचा दांडा मात्र आपल्या हातानं मारता यायचा.

तीन वर्षांत पंप बंद पडला. तालुक्याला खेटे घालून ती थकली. मग मत मागून निवडून आलेले खासदार गावात आले, तेव्हा ती उभी राहिली.

"सायेब, आपला देश त्या मोठ्या सोसायटीचा मेंबर हाये ना? मंग तिथच्या मिटिंगले कोन जाते? वापस आल्यावर कोनाले सांगते? आमचा पंप बंद पडून राह्यला, हे तिथं कोनी बोलते काय?"

लोक हसले. खासदार हसले नाहीत, एवढं मात्र मानायला हवं. त्यांनी लोकसभेत खरंच विचारलं.

पुढच्या उन्हाळ्यात उत्तर सांगायला ते जीपनं आले. "सभासदत्व देशाच्या फायद्याचं आहे, असं सरकारनं सांगितलं. बैठकीला आपले प्रतिनिधी जातात. तुमचा पंप बंद आहे, पण गावात विहीर आहे, म्हणून पाण्याची अडचण नाही."

टाळ्या वाजल्या. वाजवणाऱ्यांत आमच्या वस्तीचेही होते, याची मला अजून चीड येते.

"त्या विहिरीले आमाले हात लावू देत नाईत, हे कोनं सांगतलं नाई काय तिथं?" केशरबाईनं विचारलं.

खासदारांनी मान खाली घातली. "पुढच्या अधिवेशनात बघू, बाई."

"बघा," म्हणून ती घागर घेऊन विहिरीकडे निघाली. भांडायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

जीप तापली होती. ड्रायव्हर त्याच विहिरीवर आला. परगावचा माणूस, पण त्याला कोणी काही विचारलं नाही. तो बादली ओढू लागला. दगडावरून केशरबाई म्हणाली, "भाऊ, गाडीचं झालं का माह्या घागरीत बी वत."

त्यानं ओतलं. जीप गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा दगडावर जाऊन बसली.