फणसाच्या फळीतली शेती

कुंभकोणमला आमच्या परसातला फणस कार्तिकातल्या वादळात पडला, तेव्हा मी रडत बसले नाही. माझ्या आईनं तो माझ्या लग्नात लावला होता, आणि माझ्या लेकीचं लग्न वैशाखात ठरलं होतं. याच लाकडाची फळी करायची आणि वधूवरांना तिच्यावर झुलवायचं, हे मी तिथंच ठरवलं. आम्हा तंजावरी मराठ्यांच्या लग्नात तमिळ शेजाऱ्यांसारखाच ऊंजल असतो, म्हणजे साखळ्यांचा झोपाळा. त्याशिवाय लग्न लागल्यासारखं वाटत नाही.

यजमान मुन्सफ कोर्टात कारकून, त्यामुळे घरातही हुकूमच सुटायचे. धनुर्मासात शुभकामाला हात लावत नाहीत, म्हणून तो संपेपर्यंत ओंडक्याला करवत लावायची नाही, आणि तोवर तडकू नये म्हणून त्यावर ओली गोणपाटं घालायची, असा हुकूम झाला. सकाळ-संध्याकाळ पाणी मात्र मी शिंपडत होते.

पुढे ओंडक्यावर टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसू लागली. प्रत्येकातून भुशाची शेवई लोंबत होती. यजमानांनी लांबूनच पाहिलं.

"अस्कं लाकूड किडलं, सगळंच," ते म्हणाले. "लग्नाच्या चुलीला लाव. किडक्या फळीवर पोरीला बसवूं नोको."

आईचा फणस सांबाराखाली जळणार या विचारानं माझं डोकंच फिरलं. कोयता घेऊन मी एक ढलपी काढली. आत स्वच्छ, सरळ बोगदे. भिंती काळपट, त्यांवर पांढुरकी बुरशी आणि तिला तोंड लावून बसलेल्या अळ्या. तिळाएवढा एक भुंगा भुसा बाहेर ढकलत होता. जे पीठ खायचं ते कुठली बाई उंबऱ्याबाहेर टाकते? म्हणजे लाकूड हे यांचं अन्न नव्हेच. लाकूड हे शेत, बुरशी हे पीक. आणि बुरशीला ओल लागते, हे पापड वाळवणारीला शिकवावं लागत नाही. कावेरीकाठचं कुठलंही पोर सांगेल, पाट बंद झाला की शेत गेलं. आम्ही तर रोज गोणपाटं भिजवून त्यांचा पाट भरून देत होतो!

यजमान कोर्टात गेल्यावर मी सुताराला करवत घेऊन बोलावलं. "अम्मा, धनुर्मास आहे," तो कचरत म्हणाला.

"किड्यांनी कुठं पाळलाय?" मी म्हटलं.

संध्याकाळी यजमान आले, तर फळ्या माडीवर सावलीत, वारा खेळावा म्हणून मध्ये काड्या घालून रचलेल्या, टोकं तडकू नयेत म्हणून त्यांना शेण लिंपलेलं. त्यांनी घर डोक्यावर घेतलं. "तडकल्या तर?"

"तर तुमची चूल आहेच," मी म्हणाले. मग ढलपी त्यांच्यापुढं धरून किड्यांची शेती आणि तिचं पाणी समजावलं, तर ते पाठ फिरवून जेवायला बसले.

रोज मी फळ्यांखालची जमीन झाडायची आणि पुन्हा बघायची. आधी भुसा पडायचा, मग थोडा, मग एके सकाळी काहीच नाही. त्यानंतरही नाही. फळी एकही तडकली नाही. आत कुणी आई पोरंबाळं घेऊन बसली होती, तिची मला कीव आली. पण पोर मलाही होती.

लग्नाच्या दिवशी रंधा मारून तेल पाजलेली फळी पिवळीधमक दिसत होती. भोकं तेवढी राहिली, काळ्या किनारीची. जोडपं बसलं आणि विहीणबाईंनी नेमकं एका भोकावर बोट ठेवलं.

"फळी किडकी आहे कीं काय?"

मी तोंड उघडायच्या आत यजमान पुढं सरसावले.

"तो किडा लाकूड खात नाहीं, विहीणबाई. आत शेती करतो. आम्ही पाणी तोडलं, शेती संपली. ही फळी आता पणतवंडांस पुरेल."

"आम्ही?" मी भर मांडवात विचारलं.

त्यांनी कोर्टात खाकरतात तसं खाकरून घेतलं. "हिनं तोडलं," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "मी घालायला लावत होतों."

मी साखळी धरली आणि असा झोका दिला, की जावयाला पगडी सावरावी लागली.